पडद्यावरचे तुकोबा आणि पडद्यावरची आवली

आपल्या घरोघरी तुकोबांची तसबीर असते. डोक्याला पागोटे, कपाळी टिळा, गळ्यात तुळशीची माळ, चेहऱ्यावर शांत आणि थोडे हरवल्यासारखे हसू. सकाळी उदबत्ती ओवाळताना हा चेहरा समोर असतो, म्हणून तुकोबा असेच दिसत असणार अशी आपली खात्री झालेली असते. पण वाचकहो, जरा विचार करा. तुकोबांचा काळ १६०८ ते १६५०. त्या काळी फोटो काढायची सोय नव्हती. मग हा चेहरा आला कोठून?

बाजारात मिळणाऱ्या तुकोबांच्या पुष्कळशा छापील चित्रांवर एका नटाच्या रूपाची छाप आहे. त्या नटाचे नाव विष्णुपंत पागनीस. १९३६ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘संत तुकाराम’ हा बोलपट काढला. त्यात पागनीसांनी तुकोबांची भूमिका केली आणि ती लोकांच्या मनात अशी बसली की पुढे नट कोणता आणि संत कोणता हा भेदच राहिला नाही.

आज आपल्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात, म्हणजे देहू-आळंदीच्या अगदी अंगणात, नटनट्यांची नावे पोरांना तोंडपाठ असतात. कोणाचे लग्न झाले, कोणी कोणती गाडी घेतली, हे मोबाईलवर घटकाभरात कळते. त्याला माझी हरकत नाही. करमणूक सर्वांनाच हवी. पण ज्या नटांनी आपल्याच गावची, आपल्याच नदीकाठची गोष्ट पडद्यावर मांडली आणि साऱ्या जगाला दाखवली, त्यांची ओळखही आपल्या मुलाबाळांना असावी असे वाटते. त्यातही एका बाईची ओळख. तिच्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात तिचीच आठवण सर्वांत जास्त कामाची आहे.

कोल्हापूरची पाच माणसे

प्रथम ‘प्रभात’विषयी थोडेसे. १९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी ही कंपनी काढली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. यांतले कुलकर्णी पैशाची बाजू सांभाळणारे. बाकीचे चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. हे कोणी कॉलेजात शिकून आलेले लोक नव्हते. रंग कालवणे, सुतारकाम करणे, कॅमेरा उघडून परत जोडणे, अशा हातच्या कामातून ते वर आले होते. १९३३ साली कंपनी पुण्यास आली आणि आजच्या लॉ कॉलेज रस्त्यावर तिचा मोठा स्टुडिओ उभा राहिला. ‘प्रभात’चा कारभार पुढे १९५३ च्या सुमारास थंडावला. १९६० पासून त्याच जागेत सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट भरते.

‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला तो दामले आणि फत्तेलाल या जोडीने. दामल्यांचा हात यंत्रावर, फत्तेलालांचा हात कुंचल्यावर. फत्तेलालांना सारे ‘साहेबमामा’ म्हणत. जातीचे मुसलमान, पण देहूचे देऊळ, तिथली घरे, गल्ल्या, अंगणे ज्या मायेने त्यांनी उभी केली, ती पाहून हा माणूस पिढ्यान्‌पिढ्या वारी करीत असावा असेच वाटते. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे आणि संगीत केशवराव भोळ्यांचे. गाणी लिहिणारे होते शांताराम आठवले.

आठवल्यांची एक गंमत सांगण्याजोगी आहे. बोलपटात बी आणि त्यातून होणारा विस्तार या विषयावर एक पद आहे. आठवल्यांनी ते स्वतः रचले. पण त्याची धाटणी इतकी अस्सल की लोकांना तो तुकोबांचाच अभंग वाटला आणि कित्येकांनी तो गाथेत शोधला. गाथेत तो नव्हताच! मी बियाण्याच्या खात्यातला माणूस. बीजप्रक्रिया, उगवणशक्ती यांवर आजवर पुष्कळ भाषणे केली. पण एका बीचे मोल या पदाने जसे गावोगाव पोचवले, तसे आमच्या कोणत्याही पत्रकाला पोचवता आले नाही, हे कबूल केले पाहिजे.

स्त्रीवेशातला गायक तुकोबा झाला

विष्णुपंत पागनीसांचा जन्म १८९२ चा. नाटक कंपन्यांचा तो जमाना. बायका रंगभूमीवर येत नसत, म्हणून गोड गळ्याची, नाजूक अंगाची मुले स्त्रीभूमिका करीत. पागनीसही त्यांतलेच. वय वाढले की अशा नटांचे मोठे हाल होत. आवाज फुटतो, अंग भरते, मिशा येतात आणि मग कंपनीत जागा राहत नाही. पुढे पागनीस संगीत शिकवू लागले. भजनाचा नाद मात्र सुटला नाही.

अशा माणसाला दामले-फत्तेलालांनी तुकोबांसाठी निवडले. शांतारामांना ही निवड आधी पटली नव्हती. ज्याने उभी हयात लुगडे नेसून लाजण्या-मुरडण्यात घालवली, त्याच्या चालण्या-बोलण्यात तो बायकीपणा डोकावणार, अशी त्यांची शंका. शंका रास्त होती. पण दामले-फत्तेलालांनी आग्रह सोडला नाही. जे व्यंग वाटत होते तेच गुण ठरले. त्या वागण्यातला मऊपणा तुकोबांच्या भूमिकेत भक्ताचा मऊपणा होऊन उतरला. शिवाय गळा स्वतःचा. अभंग दुसऱ्याने म्हणावा आणि नटाने ओठ हलवावेत असा प्रकार नाही. पागनीस गातात तेव्हा नट गातो आहे असे वाटतच नाही. कोणीतरी माळकरी शेजारी आपल्याच ओसरीवर बसून भजन म्हणतो आहे असे वाटते.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा बोलपट लागला आणि वर्ष उलटून गेले तरी त्याच चित्रगृहात चालू राहिला. हिंदुस्थानातल्या कोणत्याही चित्रपटाला तोवर असे भाग्य लाभले नव्हते. १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण खरा गौरव झाला तो खेड्यापाड्यांत. जत्रेतल्या तंबूत हा खेळ लागला की लोक बैलगाड्या जुंपून येत. पायताणे बाहेर काढून आत बसत आणि पडद्यावर तुकोबा दिसताच हात जोडत, असे जुनी माणसे सांगत.

या यशाचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. पागनीसांना लोकांनी पुढे दुसऱ्या रूपात स्वीकारलेच नाही. १९३९ साली ते ‘संत तुलसीदास’ झाले, १९४० साली ‘नरसी भगत’ झाले. संत सोडून दुसरी भूमिका त्यांच्या वाट्यास येईना. आणि १९४३ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षाच्या आसपास, ते गेले. म्हणजे तुकोबा झाल्यावर त्यांना उणीपुरी सात वर्षे मिळाली. कित्येक नट पन्नास-पन्नास वर्षे कामे करतात आणि विसरले जातात. या माणसाची सातच वर्षे, पण चेहरा अजून आपल्या देव्हाऱ्यात आहे.

आवली झालेली गौरी

आता त्या बाईविषयी.

बोलपटात तुकोबांच्या बायकोचे, जिजाईचे काम गौरी नावाच्या नटीने केले आहे. जिजाईलाच आपण आवली म्हणतो. नामावलीत नुसते ‘गौरी’ एवढेच. ती नाटक कंपनीत तयार झालेली नव्हती. गर्दीच्या दृश्यांत उभे राहणारी, ‘प्रभात’मध्ये किरकोळ कामे करणारी ती बाई. रूपाने देखणी म्हणावी अशी नव्हे. रंगाने सावळी, अंगाने थोराड, आवाज खणखणीत. एखाद्या दुसऱ्या कंपनीने अशा भूमिकेसाठी नाकीडोळी नीटस नटी आणून तिला फाटके लुगडे नेसवले असते. दामले-फत्तेलालांनी तसे केले नाही. त्यांना शेतकरी घरातली बाई हवी होती. ती त्यांना आपल्याच स्टुडिओत सापडली.

तिचे काम ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. ती पदर कसा खोचते, म्हशीजवळ कशी वावरते, पोराला बखोटीला कशी धरते, नवऱ्यावर ओरडता ओरडता त्याच्या पुढ्यात भाकरी कशी सरकवते, हे शिकवून येत नाही. चूल, म्हैस आणि पोरे यांतच जिचा दिवस गेला तिलाच ते येते. ती रागावते तेव्हा आपल्याला हसू येते आणि हसता हसता कुठेतरी चरचरतेही. कारण तिचे म्हणणे खरे असते. घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणले आहे आणि धनी टाळ घेऊन बसला आहे. मग तिने काय करावे?

एका प्रसंगात तर ती आजारी पोराला एका हाताने ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते. ज्याने माझा नवरा नादी लावला त्यालाच जाब विचारते म्हणते! १९३६ सालचा काळ, धार्मिक बोलपट, आणि देवावर पायताण उगारलेली बाई. पण कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. समोर बसलेल्या प्रत्येक बाईने मनातल्या मनात कधीतरी हेच केलेले होते.

‘प्रभात’मध्ये नटनट्या महिना पगारावर असत. आपल्या पट्ट्यातल्या कामगारांना हे ऐकून नवल वाटेल, पण तिथेही करारावरून, पगारावरून वाद होत. कंपनीची मोठी नायिका शांता आपटे हिने १९३९ साली स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केले होते. तिचे नाव मोठे, म्हणून वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. गौरीसारख्या बायकांच्या बातम्या होत नाहीत. ‘माणूस’ (१९३९), ‘संत सखू’ (१९४१) अशा ‘प्रभात’च्या आणखी काही बोलपटांत ती दिसते. पण नायिका म्हणून तिचे नाव कधी मोठ्या अक्षरांत झळकले नाही. पागनीसांचा फोटो देव्हाऱ्यात गेला, गौरीचा कोणी भिंतीलाही लावला नाही. आवलीचे तरी वेगळे काय झाले?

भंडाऱ्याचा डोंगर चढणारी

खऱ्या आवलीची गोष्ट आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक आहे. तुकोबांचे घराणे महाजनकीचे. घरी शेती, वाण्याचा धंदा, सावकारी. १६३० च्या आसपास मोठा दुष्काळ पडला. गुरे गेली, धंदा बसला, पहिली बायको आणि मुलगा अन्नावाचून गेले. पुढे तुकोबांनी सावकारीची खते निम्मी भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. दुष्काळात कर्जाच्या कागदांना पाणी दाखवणारा सावकार! एवढ्या एकाच गोष्टीसाठी शेतकऱ्याने त्यांना देव मानले असते.

पण खते बुडाली त्याच दिवशी घराचे उत्पन्नही बुडाले, हे आवलीला कळत होते. ती पुण्याच्या गुळव्यांची लेक, खात्यापित्या घरची. तिच्या वाट्याला आली ओढगस्त. तरी नवरा जेवल्याशिवाय आपण जेवायचे नाही हा तिचा नेम. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत आणि ही डोक्यावर भाकरी घेऊन उन्हात डोंगर चढे. एकदा पायात काटा मोडला तेव्हा खुद्द विठोबाने येऊन तो काढला अशी कथा आहे. कथेत पांडुरंग तिचा पाय आपल्या मांडीवर घेतो. लोकांनी ही कथा उगाच जपलेली नाही. कष्ट करणाऱ्या बाईचे देवावरही देणे असते, हे त्यातून लोकांनी सांगून ठेवले आहे.

भंडारा, भामचंद्र आणि घोराडा हे तुकोबांच्या चिंतनाचे तीन डोंगर. भामचंद्राच्या पायथ्याला आज चाकण औद्योगिक क्षेत्र येऊन भिडले आहे. वासुली, शिंदे या गावांच्या शिवारांत जिथे बाजरी, कांदा, बटाटा होता तिथे कारखान्यांची छपरे दिसतात. मी या भागात तीसएक वर्षे विस्ताराचे काम केले. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार, मावळचा भात, खेडच्या जिरायती जमिनी, सारे जवळून पाहिले. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली जो सुवासिक भात बाहेर पडला त्याला ‘इंद्रायणी’ हेच नाव दिले गेले आणि आज तो महाराष्ट्रभर खाल्ला जातो. खुद्द इंद्रायणीचे पाणी मात्र गेल्या काही वर्षांत आळंदीला फेसाळलेले दिसते. ज्या नदीने गाथा तारली असे आपण मानतो तिचे हे हाल! यावर वेगळा लेखच लिहावा लागेल. असो.

नजराणा दारात आला तेव्हा

बोलपटातला आणखी एक प्रसंग आपल्या पट्ट्याने पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. शिवाजीमहाराजांकडून तुकोबांच्या घरी नजराणा येतो. दागिने, वस्त्रे. आवलीचे डोळे दिपतात. जन्मात पहिल्यांदा घरात सुबत्ता आली आहे. ती हरखते, पोरेही हरखतात. आणि तुकोबा ते सारे परत पाठवायला निघतात.

लहानपणी हा प्रसंग ऐकताना आपण सारे तुकोबांच्या बाजूचे असतो. संसारात पडल्यावर आवलीचे म्हणणेही समजू लागते. नको म्हणणे त्याला सोपे ज्याला उद्या चूल पेटवायची नाही. पण बोलपटवाल्यांचा मोठेपणा असा की त्यांनी आवलीला लोभी दाखवले नाही आणि तुकोबांना कठोरही दाखवले नाही. दोघेही खरे आहेत आणि एका घरात राहतात, एवढेच दाखवले. गौरी आणि पागनीस समोरासमोर उभे राहतात तेव्हा हा भक्त आणि ही संसारी असा उपदेश होत नाही. नवरा-बायकोचे रोजचे भांडण होते, आणि त्या भांडणात माया आहे हे आपल्याला दिसते.

आपल्याकडे गेल्या साठ वर्षांत असा नजराणा घरोघरी आला. आधी पिंपरी, आकुर्डी, भोसरीकडे कारखाने आले, मग तळवडे, चिखली, मोशी, आणि पुढे महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, आंबेठाण. जमिनी गेल्या, पैसा आला. तो पैसा परत करा असे कोण म्हणेल? ज्यांची जमीन गेली त्यांनी घरे बांधली, पोरे शिकवली. काहींनी दुसरीकडे शेती घेतली, काहींनी कामगारांसाठी खोल्या काढल्या आणि भाड्यावर घर चालवले. काहींचे मात्र चार-पाच वर्षांत गाडी, पार्ट्या आणि मानपान यांतच सारे संपले. मी जी घरे पाहिली त्यांत एक गोष्ट वारंवार दिसली. जिथे व्यवहाराच्या वेळी घरातल्या बाईला विचारले गेले तिथे काही ना काही मागे राहिले. जिथे तिला नुसते सही-अंगठ्यापुरते बोलावले तिथे नंतर रडारड झाली. हा काही शास्त्रीय पाहणीचा आकडा नव्हे. वाड्यावस्त्या फिरणाऱ्या माणसाचा अनुभव आहे.

आम्ही बांधावर जातो तेव्हा बियाणे कोणते, खत किती, हे पुरुष सांगतो. कणगीत किती उरले, कोणत्या महिन्यात विकत आणावे लागेल, गाय आटायला किती दिवस राहिले, हे विचारले की तो घरात हाक मारतो. उत्तर आतून येते. हिशेब तिच्या डोक्यात आणि सातबारा त्याच्या नावावर! याच पट्ट्यातल्या आंबेठाणला राहून शेतकरी संघटना उभी करणाऱ्या शरद जोशींनी हे ओळखले होते. कांद्याच्या भावासाठी चाकणला आंदोलन करणाऱ्या या माणसाने पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांना सांगितले की जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्या, तिचे देणे फेडा. १९९२ साली सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची योजना काढली. ती सोय आजही वापरता येते. तलाठ्याकडे चौकशी करावी. आवलीने देवळात जाऊन जो जाब विचारला त्याचे एक उत्तर तलाठ्याच्या दप्तरातही आहे.

आळंदीचे माऊली आणि अहमदनगरचे शाहू मोडक

तुकोबांनंतर त्याच दामले-फत्तेलाल जोडीने १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. म्हणजे देहूनंतर आळंदी. त्यात ज्ञानेश्वरांची भूमिका केली शाहू मोडक यांनी. मोडकांचा जन्म १९१८ सालचा, अहमदनगरच्या ख्रिस्ती घराण्यातला. १९३२ साली ‘श्यामसुंदर’मध्ये लहान वयात ते कृष्ण झाले आणि पुढे किती वेळा कृष्ण झाले याची गणती करत बसावे लागते. ‘प्रभात’च्याच ‘माणूस’मध्ये त्यांनी साधा पोलीस शिपाई इतका चांगला उभा केला की हाच माणूस पुढच्या वर्षी माऊली होतो यावर विश्वास बसू नये. १९९३ साली ते गेले.

आळंदीला गेलात की ती भिंत दाखवतात, जी चालवत ज्ञानेश्वर भावंडे चांगदेवाला सामोरी गेली. तो प्रसंग या बोलपटात आहे. मुसलमान चित्रकाराने तो देखावा मांडला आणि ख्रिस्ती नट त्या भिंतीवर बसला. पाहणाऱ्या वारकऱ्यांपैकी कोणीही त्यांची जात विचारली नाही. काम मनापासून केले आहे ना, एवढेच त्यांनी पाहिले. देशोदेशीचे कामगार आज आपल्या गावांत खोल्या घेऊन राहतात. ‘हा कुठला, तो कुठला’ असे ओट्यावर बसून म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

विमान आले, आवली राहिली

बोलपटाचा शेवट ठाऊकच आहे. पुष्पक विमान येते. तुकोबा वैकुंठाला निघतात. ‘प्रभात’च्या कारागिरांनी त्या काळच्या तुटपुंज्या साधनांत ते विमान असे उडवले की लोक थक्क झाले. पण माझ्या मते त्या शेवटातले खरे नवल विमान नव्हे. तुकोबा आवलीला ‘तूही चल’ म्हणतात आणि ती येत नाही. तिला वाटते, यांचे नेहमीचेच वेड. घरात काम पडले आहे. पोरे आहेत, म्हैस आहे. वैकुंठाला गेले तर त्यांच्याकडे कोण पाहणार?

विमान आकाशात चढते आणि ती धावत बाहेर येते तेव्हा गौरीचा चेहरा पाहावा. नव्वद वर्षे होत आली, पण त्या चेहऱ्यावरचे भाव जुने झालेले नाहीत. आपला माणूस खरोखरच मोठा होता हे कळण्याचा आनंद त्यात आहे आणि आपण मागे राहिलो याचे दुःखही आहे. कोणत्याही नटीला अभिमान वाटावा असे ते काम आहे. ते केले एका अशा बाईने, जिचे पूर्ण नावही नामावलीत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, जे १९६४ साली सुरू झाले, ‘प्रभात’चे बोलपट जपले आहेत. ‘संत तुकाराम’ आता मोबाईलवरही पाहायला मिळतो. सव्वादोन तासांच्या आतबाहेरचा खेळ आहे. येत्या बीजेला देहूला गर्दी फार असेल. ज्यांना जाणे होणार नाही त्यांनी रात्रीची जेवणे लवकर उरकून घरात सर्वांनी मिळून तो पाहावा. भांडी तशीच राहू द्यावीत. घरातल्या बाईला आधी बसवावे आणि मग सुरू करावा, नाहीतर ती स्वयंपाकघरातूनच ऐकत राहील. पागनीसांच्या अभंगांना आपले हात आपोआप जोडले जातील. गौरी पडद्यावर आली की मात्र शेजारी बसलेल्या घरधनिणीकडे एकदा पाहावे. खेळ संपल्यावर तिला विचारावे, आवलीचे कोणते म्हणणे तुला खरे वाटले? आणि ती सांगेल ते मधे न बोलता ऐकून घ्यावे.